पाण्याखालची फळी

सतराला त्या खोलीतल्या तीन जागा पसंत होत्या. पहिली हीटरच्या मागची. तिथे ओले पायमोजे वाळत टाकलेले असत, आणि त्यांचा वास सोसायची तयारी असली तर बाकी सुखच सुख होतं. दुसरी, बाईच्या ओव्हरकोटाची उजवी बाही. आणि तिसरी, सगळ्यांत मानाची, गणितरावांचा डावा खांदा. तिथून उतरत्या छपराखालची ती अख्खी खोली नजरेत यायची: एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या, त्यांतली एक लंगडी, आणि एक खिडकी, जिच्या फटींत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या होत्या. हिवाळ्याला बाहेर ठेवायचा एवढाच बंदोबस्त दोघांना जमला होता, आणि हिवाळा त्याला अजिबात जुमानत नव्हता.

सतरा म्हणजे पांढरा उंदीर. वय दोन वर्षं, म्हणजे उंदरांत चांगला साठीला टेकलेला गृहस्थ. डोळे लाल, अंगानं भरलेला, डाव्या कानाला दोन खाचा. उंदराला माणसाची भाषा कळत नाही, असं माणसं खुशाल ठोकून देतात. सतराला ती उत्तम कळायची, कारण जन्मल्यापासून दुसरं काही त्याच्या कानावर पडलंच नव्हतं. फक्त त्या विषयात त्याची परीक्षा कुणी घेतली नव्हती. बाकी सगळ्यांत घेतली होती.

बाई आणि गणितराव यांचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि दोघं अजून शिकतच होती. ती विद्यापीठात मेंदूचा अभ्यास करायची, ते संख्याशास्त्राचा. ‘गणितराव’ हे नाव तिनंच ठेवलेलं. रागावली की नुसतं ‘राव’ म्हणायची, आणि मग गणितराव मुकाट्यानं भांडी घासायला उठत. सकाळी पांघरुणातून आधी कोण बाहेर पडणार यावर रोज चकमक झडायची. नळाचं पाणी बोटं तोडायचं. हातमोजे दोघांत मिळून तीन. दोन तिला, एक त्यांना. उघडा हात खिशात खुपसून ते म्हणायचे, “मला काय, एकाच हातानं लिहायचं असतं.” चौथा हातमोजा हरवलेला नव्हता. तो सतराचं अंथरूण होता, आणि परत मागायची कुणाची छाती नव्हती.

संध्याकाळी दोघं परतली की खोलीभर ओल्या लोकरीचा वास सुटायचा. बटाट्याचं सूप, पाव, कधीमधी उकडलेलं अंडं. पावाची कडक कड सतराची. मग टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते, वर दोघांची पुस्तकं आणि खाली चार पाय एकमेकांवर. रविवारी दुपारी बाईच्या आईचा फोन यायचा.

“उंदीर?” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई ओरडलीच होती. “अगं, लोक उंदीर घालवायला औषध आणतात आणि तुम्ही त्याला हातमोजा दिलात?”

पण डिसेंबरात तिचं पार्सल आलं. त्यात लेकीला स्वेटर, जावयाला स्वेटर, आणि उरलेल्या लोकरीचा विणलेला तळहाताएवढा चौकोन. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘तिसऱ्यासाठी’. ते वाचून गणितराव इतके हसले की सतरा खांद्यावरून घसरला.

“सतरा हे काय नाव झालं?” त्यांनी सुरुवातीला विचारलं होतं.

“सतरा तारखेला दुकानातून आणला म्हणून.”

बाई चक्क खोटं बोलली होती. सतराला ते माहीत होतं, पण त्यानं सांगायचं कुणाला?

खरं असं होतं की विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत सतरासकट चोवीस उंदीर होते, आणि नावाऐवजी त्यांना नंबर होते. तिथे एक मोठा गोल हौद होता. त्यातल्या पाण्यात दुधाची पावडर कालवलेली, म्हणजे आतलं काही दिसायला नको, आणि पाण्याखाली दोन बोटं खोल एक छोटी फळी. हौदाभोवतीच्या भिंतींवर चार चित्रं: त्रिकोण, गोल, फुली, चांदणी. त्यांच्यावरून अदमास घेत पोहायचं, फळी हुडकायची आणि तिच्यावर उभं राहून एकदाचा श्वास घ्यायचा. सापडली नाही तर मिनिटानं बाई उचलायचीच, पण गार पाण्यातलं मिनिट फार मोठं असतं. अर्ध्या उंदरांना ती आठवण टिकवायचं औषध टोचायची, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. शेवटच्या परीक्षेच्या दिवशी फळी काढून घेत. उंदराला ते कुणी सांगत नाही. तो आपला जिथे फळी होती तिथे जातो आणि घिरट्या घालत राहतो. जितक्या जास्त घिरट्या, तितकी आठवण पक्की. सतरानं पूर्ण मिनिटभर दुसरीकडे तोंडसुद्धा वळवलं नव्हतं. बाईनं वहीत त्याच्या आकड्याभोवती गोल काढला होता.

त्यानंतर काचेची पेटी. झाकणाला नळी, नळीतून वायू, आणि मग उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्या काचपट्टीवर. बाईनं एकापासून सुरुवात केली. सोळा झाल्यावर तिनं सतराला उचललं, तर तो तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीत शिरला, कोपरापर्यंत चढला, दोन गिरक्या घेतल्या आणि झोपी गेला. त्यात शौर्य नव्हतं, युक्ती तर नव्हतीच नव्हती. दमला होता बिचारा. बाई हात तसाच धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिनं सोळाच्या मेंदूचा डावा अर्धा भाग सोळा म्हणून लावला, उजवा सतरा म्हणून लावला, पांढऱ्या कोटावर ओव्हरकोट चढवला आणि घर गाठलं. दुसऱ्या दिवशी जाऊन तिनं अठरा ते चोवीस पुरे केले. तेही सतराला माहीत होतं. तिच्या हातांना वास येत होता.

म्हणजे सतरा जगत होता तो एका खोट्या काचपट्टीवर. ती कुणी नीट बघितली की त्याचा कारभार आटोपला.

जानेवारीत बाईला ताप भरला. हिवाळा संपायच्या आत प्रबंध द्यायचा होता, आणि मेंदूतल्या पेशींचे आकडे नुसते वहीत पडून होते. गणितरावांनी मनाशी ठरवलं, हिच्या डोक्यावरचं ओझं आपण उतरवायचं. दुपारी ती औषध घेऊन झोपली, तेव्हा ते वही घेऊन टेबलाशी बसले. सतरा खांद्यावर होताच.

“अरे, हा बघ तुझ्या नावाचा,” ते हळूच म्हणाले. “सोळा आणि सतरा. एकाला औषध दिलंय, एकाला नाही, तरी आकडे जुळ्या भावांसारखे. असं कसं होईल?”

सतराच्या मिशा ताठ झाल्या. त्यानं त्यांच्या मानेत नखं रुतवली. कानाची पाळी चावली. शेवटी वहीवर उडी टाकून तो त्या दोन ओळींवर आडवा पडून राहिला. एका उंदरानं याहून जास्त काय करायचं?

“खेळायचंय होय लबाडा?” म्हणत गणितरावांनी त्याला हातमोज्यात नेऊन ठेवलं.

दुसरा कुणी असता तर त्यानं बायको उठायची वाट बघितली असती. किंवा मनात शंका धरून गप्प राहिला असता. पण या माणसाच्या मनात शंका आलीच नाही. आपली बायको चुकणं शक्य नाही, तेव्हा चुकलं असणार ते पेशी मोजणारं यंत्र, आणि उद्या परीक्षक त्याचं खापर हिच्या माथी फोडणार, असा त्यांनी सरळ निष्कर्ष काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे आकडे सुबक अक्षरात उतरवून तिच्या सरांकडे घेऊन गेले. एवढा विश्वास माणसानं माणसावर ठेवू नये. त्यानं घात होतो.

परतले ते खुशीत. नाक लाल, चेहरा फुललेला.

“उठू नकोस, पडून राहा,” ते म्हणाले. “तुझं एक लफडं निस्तरून आलोय.”

“कसलं?”

“सोळा आणि सतराचे आकडे. यंत्रात गडबड आहे गं. सरांना दाखवलं. म्हणाले, काचपट्ट्या काढून स्वतः बघतो. भला माणूस आहे, चहा पाजला मला.”

बाई उठून बसली.

“तू सरांना दाखवलंस?”

“मग? यंत्र जर...”

“यंत्र बरोबर आहे.”

तिनं पलंगावरून वाकून हातमोजा उचलला, सतराला बाहेर काढलं आणि त्याचा डावा कान उजेडाकडे केला. “या खाचा नंबरासाठी मी पाडल्यात. दुकानातून नाही आणला मी याला. हा सतरा आहे, तुझ्या कागदावरचा सतरा.”

गणितराव नेमके लंगड्या खुर्चीवर बसले. ती कलली, आणि ते तसेच कललेले बसून राहिले. बाईनं सगळं सांगितलं: बाही, झोप, अर्धा अर्धा मेंदू. सांगताना ती रडली नाही. ताप होता, त्यामुळे दात मात्र वाजत होते.

“मला सांगायचं होतंस,” ते म्हणाले.

“मग तू काय केलं असतंस? खोटा आकडा गिळून गप्प बसला असतास?”

त्यांनी खरोखर विचार केला. असल्या वेळीसुद्धा तो माणूस खरोखर विचार करत होता. “माहीत नाही,” ते म्हणाले.

शुक्रवारी सरांचं बोलावणं आलं. ताप पुरता उतरलेला नव्हता, तरी ती गेली. संध्याकाळी परतली ती कोट न काढताच पलंगाच्या कडेवर टेकली. सतरा हातमोज्याच्या अंगठ्यातून डोकं काढून ऐकत होता.

“ओरडले?” गणितरावांनी विचारलं.

“ओरडले असते तर बरं झालं असतं. दोन्ही काचपट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि मलाच भिंगातून बघायला लावलं. फुटलेल्या बशीच्या कडा जुळाव्यात तशा जुळतायत. म्हणाले, काचपट्टीवरचं लेबल चुकलं असं आपण धरू. पण मग खरा सतरा कुठेतरी असायला हवा. सोमवारी सकाळी त्याचा मेंदू दे, मी काही बघितलेलं नाही.”

“आणि नाही दिला तर?”

“तर समितीला कळवणार. पाच वर्षांवर पाणी. पदवी नाही, आणि यापुढे मला कुठल्याही प्रयोगशाळेच्या दारात उभं करणार नाहीत.”

“पण लेबल चुकलं म्हणणं हेही खोटंच ना?”

“आहेच. पण हे सरांचं खोटं आहे. ते चालतं.”

गणितराव उठले, चार पावलं गेले, परत आले. त्या खोलीत चारच पावलं मावायची. दशांशचिन्हापुढचा आकडासुद्धा इकडचा तिकडे न करणारा तो माणूस म्हणाला, “दुसरा उंदीर आणू. या वेळी खरंच दुकानातून. कानाला तशाच खाचा पाडू.”

“आणि त्याच्या मेंदूत ते औषध कुठून आणू? चार महिने टोचलंय मी याला.” तिनं कपाळ दाबून धरलं. “आणि समज आणलंच. तो तुझ्या खांद्यावर बसत नाही, म्हणून त्यानं मरायचं?”

गणितराव खिडकीकडे वळले.

“मग सोडून देऊ याला.”

“या थंडीत? पिंजऱ्यात जन्मलाय तो. सकाळपर्यंत लाकूड होईल.”

“तू तेवीस मारलेस,” गणितराव म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

“हो. तेवीस. मलाही मोजता येतं, राव.”

त्या संध्याकाळी भांडी घासायला कुणी उठलं नाही. सूप पातेल्यातच थिजलं. पावाची कड सतरानं तशीच टाकली, पण तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी आईचा फोन आला. “माझा तिसरा कसा आहे?”

“मजेत आहे,” बाई म्हणाली.

“लोकर टोचत नाही ना त्याला?”

“नाही गं आई. त्याच्यावरच झोपतो.”

“दे जरा जावईबापूंकडे.”

गणितरावांनी फोन घेतला. दोन वेळा ‘हो आई’ म्हणाले. “सर्दी झालीय मला,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बाई पाव आणायला खाली गेली तेव्हा ते झटकन उठले. खिडकीच्या फटींतल्या कागदाच्या घड्या ओढून काढल्या, तावदान लोटलं आणि सतराला चौकटीवर ठेवलं. बाहेर शेजारचं छप्पर पांढरं पडलं होतं. धुराड्याच्या बुडाशी तेवढं ओलं, काळं, कोमट दिसत होतं. तिथवर दहा-बारा उड्या.

“जा,” गणितराव म्हणाले. “जा ना रे. ती धुराड्याजवळची जागा बघ. पळ.”

सतराला ते काय म्हणतायत ते पुरतं कळलं. त्यानं नाक बाहेर काढलं. वाऱ्यानं त्याच्या मिशा मागे वळवल्या. बाहेर त्रिकोण नव्हता, गोल नव्हता, ओळखीची एक खूण नव्हती. आयुष्यात त्याला जे काही मिळालं होतं ते जिथे एकदा सापडलं तिथेच परत जाऊन मिळालं होतं. नव्या जागी जाऊन कधी काही मिळालेलं त्याला आठवत नव्हतं, आणि आठवणीत तर तो चोवीसांत पहिला होता. तो वळला, गणितरावांच्या बाहीवरून चढला आणि खांद्यावर जाऊन बसला. त्यांनी पुन्हा त्याला चौकटीवर ठेवलं. तो पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा ठेवण्याऐवजी त्यांनी खिडकी लावून घेतली. घड्या पुन्हा फटींत कोंबेपर्यंत जिन्यात बाईची पावलं वाजली. खोली एकदम गार का पडलीय हे तिनं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी चकमक झाली नाही; दोघं एकदमच उठली. गणितरावांनी तिला तिन्ही हातमोजे पुढे केले. तिनं दोनच घेतले.

“मी येऊ?”

“नको. तू बघितलंस तर आपण पुन्हा एका टेबलाशी जेवू शकणार नाही.”

त्यांनी सतराला शेवटचं खांद्यावर घेतलं. सतरानं त्यांच्या कानामागे हुंगलं. साबण, खडू, न झोपलेला माणूस. “चूक माझी आहे रे,” ते म्हणाले. सतराला त्यांचा राग आला नव्हता. त्याला फक्त भीती वाटत होती, फार भीती. मग त्यांनीच त्याला उचलून तिच्या ओव्हरकोटाच्या उजव्या बाहीत सोडलं, आणि लोकरीचा चौकोन घडी करून तिच्या खिशात घातला.

जिना उतरला. रस्त्यावर तिचे बूट करकर वाजत होते. तिची नाडी सतराच्या पोटाखाली टकटकत होती. फाटक आलं, लांबलचक बोळ आला, औषधाच्या पाण्यानं पुसलेल्या फरशीचा वास आला, भुशाचा आला, दुधाच्या पावडरीचा आला. औषधाला यश आलं होतं म्हणायचं, कारण सतराला एकूण एक आठवत होतं, आणि कुणाचा नंबर केव्हा लागला होता तेही.

खोलीत बाईखेरीज कुणी नव्हतं. हौद कोरडा पडला होता, पण भिंतींवर त्रिकोण, गोल, फुली आणि चांदणी तशीच होती. बाईनं खिशातून लोकरीचा चौकोन काढला आणि काचेच्या पेटीच्या तळाशी नीट पसरला. कोपरे दुमडले होते ते बोटानं सरळ केले.

“ये,” ती म्हणाली, आणि तिनं बाही टेबलावर धरली.

सतरा तिच्या तळहातावर आला. त्यानं पेटी बघितली, नळी बघितली, लोकर बघितली. चावता आलं असतं. टेबलावरून उडी टाकून कपाटामागे जाता आलं असतं. पण सुटकेची एकच जागा त्याला ठाऊक होती आणि ती त्यानं स्वतः शोधून काढलेली होती. तो वळला, बाहीत शिरला आणि जिवाच्या आकांतानं कोपरापर्यंत चढला. तिथे त्यानं एक गिरकी घेतली, मग दुसरी, मग तिसरी. मागच्या वेळी असंच केलं होतं, आणि मग जिना, आणि मग हीटर.

बाई हात तसाच धरून उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मिनिटाची पुरी फेरी मारून आला. सतरा गिरक्या घेतच होता. जागा हीच होती, त्याला पक्कं आठवत होतं. मग बाही पेटीवर उलटी करता यावी म्हणून बाईनं डाव्या हातानं कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली.